पाण्याचा रिपोर्ट

३ मार्च, सोमवार

नवऱ्याने ही वही आणून दिली. म्हणाला, गॅस बंद केला की इथे लिही, कुलूप लावलं की इथे लिही, म्हणजे जिना उतरून पुन्हा वर यायला नको. त्याच्या मते मी जन्माला येतानाही एकदा मागे वळून सगळं नीट आहे ना ते बघितलं असणार. लिहिणार आहे, पण गॅसबद्दल नाही. डोक्यात एवढं काही फिरतंय की कुठेतरी उतरवून ठेवलेलं बरं.

ताईच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, नऊ एप्रिल. सव्वादोन वर्षं ती आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसच्या खुर्चीत काढते आहे. सुया टोचायची उजव्या हातातली जागा केव्हाच निकामी झाली, डावी दोनदा बंद पडली. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलंय, हा हात फार तर तीन-चार महिने साथ देईल, घरातून किडनी मिळते का बघा. ताईचे यजमान जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. वडील नाहीत, आईला साखर आहे. माझा रक्तगट जुळत नाही. उरला आमचा धाकटा भाऊ. त्याचं सगळं जुळलं, आणि आईने त्याच दुपारी झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन लावले.

काल आईकडे जमलो होतो. आईने धाकट्याला मधे बसवलं, मामाने पाठीवर थाप मारली, असा भाऊ सगळ्यांना मिळो वगैरे झालं. तो ताटातलं नुसतं चिवडत राहिला. एवढं मोठं काम करतोय आणि जरा म्हणून मिरवत नाही. भावजय मात्र स्वयंपाकघरातून बाहेरच आली नाही. ताईच्या जिवाचा प्रश्न आहे आणि ही आपली भांडी घासत बसली. असतात काही माणसं अशी.

५ मार्च, बुधवार

आमच्या लॅबमध्ये एकापुढे एक तीन खोल्या आहेत. पहिली स्वच्छ, तिथे फक्त रसायनं मिसळायची. दुसरीत रक्ताचे नमुने येतात. तिसरीत मशीन. रक्तात विषाणू नावापुरता असला तरी मशीन फेरीमागून फेरी त्याच्या नकला करत जातं, एकाच्या दोन, दोनाच्या चार, आणि शेवटी तो दिसतो. नियम एकच, पहिलीतून तिसरीकडे जायचं, तिसरीत गेलेल्या माणसाने त्या दिवशी पहिलीत पाऊल टाकायचं नाही. नकला कोट्यवधी असतात. त्यातली एखादी हाताला चिकटून पहिलीत गेली की नसलेला रोग दिसायला लागतो. नव्या माणसांना हे मीच शिकवते.

एक आठवडा या खोल्या माझ्याकडे, एक आठवडा गोगलगायीकडे. गोगलगाय म्हणजे जानेवारीत बदलून आलेले गृहस्थ, वय बावन्न, चष्मा दोरीला बांधलेला. त्यांच्या आठवड्यात सकाळी आले की ब्लीचचा फडका घेऊन टेबलं, दारं, मुठी पुसत बसतात. अर्धा तास त्यातच जातो. तेवढ्या वेळात माझे बारा नमुने लावून होतात.

आज एका नमुन्यात मशीनला अडतिसाव्या फेरीला काहीतरी दिसलं. चाळिसाच्या आत दिसलं की पॉझिटिव्ह, पण अडतीस म्हणजे अगदी काठावरचं. अशा वेळी मी नुसत्या मशीनवर विसंबत नाही. तिसऱ्याच खोलीत नळी उघडते, त्यातला थेंब जेलवर, म्हणजे जेलीच्या पातळ थरावर, चालवते आणि विषाणूची पट्टी उमटते का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघते. किटबरोबरच्या कागदावर लिहिलंय की मशीनमधून काढलेली नळी उघडू नये. ते घाईच्या लोकांसाठी असणार. पट्टी उमटली, मी सही केली.

फाटकापर्यंत पोचले आणि वाटलं, पहिल्या खोलीतल्या फ्रीझरचं दार लागलंय ना? दोन वर्षांपूर्वी एकदा ते उघडं राहून सगळी रसायनं वितळली होती. परत गेले. लागलेलं होतं. नेहमीच असतं. मूठ ओढून बघायची, अर्ध्या मिनिटाचं काम, पण त्याशिवाय घरी घास उतरत नाही.

७ मार्च, शुक्रवार

आठवड्यातला तिसरा काठावरचा नमुना. हिपॅटायटिस सी, रक्तातून पसरणारी ती कावीळ. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. चारशे सतरा. सदतिसाव्या फेरीला दिसलं. जेलवर पट्टी आली. सही केली. फ्रीझर दोनदा बघितला, कारण पहिल्यांदा बघितल्याचं लक्षातच राहिलं नाही.

८ मार्च, शनिवार

चारशे सतरा म्हणजे आमचा धाकटा.

किडनीच्या डॉक्टरांनी त्याला बोलावून सांगितलं की सीची कावीळ निघाली आहे, किडनी घेता येणार नाही, नऊ तारीख रद्द. आईचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. 

संध्याकाळी सगळे आईकडे. आईला एकच प्रश्न, हा रोग आला कुठून? मामाने जे विचारायचं नाही तेच विचारलं, सुया टोचून नशापाणी वगैरे काही केलं होतंस का. धाकट्याने मान खाली घातली. मग मला म्हणाला, "आक्का, तुमची टेस्ट चुकत नाही ना?" मी म्हटलं, आमची नाही चुकत, मी स्वतः पट्टी बघितली. "म्हणजे आता घेणारच नाहीत?" नाही. पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं. बिचाऱ्याच्या पचनीच पडत नव्हतं. मग जेवायला बसला तो तीनदा मागून घेऊन जेवला. दुःखात काही माणसांना भूक लागते म्हणतात, ते खरंच आहे तर. भावजयीने आज पहिल्यांदा बाहेर येऊन आईजवळ बसून घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मी तिच्याबद्दल वाईट लिहिलं होतं, ते मागे घेते.

मला मात्र काही गोड लागेना. माझ्या सहीने ताईची किडनी गेली.

१० मार्च, सोमवार

ताईजवळ बसून आले. हाताला सूज होती, तिसऱ्या टोचणीला रक्त लागलं. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, त्याला कोणी काही बोलू नका, त्याच्या तोंडावरचा ताण बघवत नव्हता मला. मी म्हटलं, ताण आता आलाय. तिने विषय बदलला.

येताना एक गोष्ट डोक्यात शिरली ती निघेना. धाकट्याची अँटिबॉडीची टेस्ट, जी दुसऱ्या विभागात होते, ती निगेटिव्ह आहे. रक्तात विषाणू आहे पण शरीराला त्याची दखल नाही, असं अगदी ताज्या संसर्गात होतं. पण ताजा संसर्ग त्याला होणार कुठे? सकाळी ऑफिस, संध्याकाळी घर.

मग जुनं रजिस्टर काढलं. गेल्या वर्षभरात काठावरचे पॉझिटिव्ह चार. या जानेवारीपासून अकरा. जानेवारीत लॅबमध्ये एकच गोष्ट नवी आली, आणि तिचा चष्मा दोरीला बांधलेला आहे.

११ मार्च, मंगळवार

डॉक्टरबाईंच्या, म्हणजे आमच्या लॅबप्रमुखांच्या, खोलीत सगळं बोलून टाकलं. गोगलगाय शेजारीच उभे होते. म्हटलं, हे काय पुसतात आणि काय पसरवतात देव जाणे. बाईंनी विचारलं, अकरातले त्यांच्या आठवड्यातले किती? बघितलं तर एक. मी म्हटलं, त्यांनी करून ठेवलेली घाण माझ्या आठवड्यात निघते. बोलताना माझा आवाज चढला होता, बाहेरपर्यंत गेला असणार.

ते चिडले नाहीत. चष्मा पुसला आणि म्हणाले, "पाणी लावून बघू या."

दर वेळी नमुन्यांबरोबर एक नळी साध्या पाण्याची असतेच, पाण्यात विषाणू दिसला तर समजायचं की कुठेतरी गडबड आहे. ती कायम स्वच्छ येते आणि मी त्या जोरावरच बोलत होते. ते म्हणाले, गडबड दहा नळ्यांत एखादीच असेल तर ती नेमकी पाण्याच्या एका नळीत कशी सापडणार? रोज वीस नळ्या पाण्याच्या लावू. या आठवड्यात मी, पुढच्या आठवड्यात तुम्ही. आपापल्या नेहमीच्या पद्धतीने.

बाईंना पटलं. मलाही हवंच होतं, होऊन जाऊ दे एकदा.

धाकट्याला फोन केला, पुन्हा रक्त देऊन जा म्हणून. ऑफिसात गडबड आहे म्हणाला.

१४ मार्च, शुक्रवार

गोगलगायीच्या साठ नळ्या. साठही कोऱ्या. माणूस नशीबवान आहे.

धाकट्याला आजही वेळ नाही. मग भावजयीने फोन घेतला आणि म्हणाली, एकदा नाही म्हणून सांगितलंत ना, आता परत परत त्याच्या मागे का लागता? मी म्हटलं, अगं, रिपोर्ट चुकीचा असू शकतो, आनंदाची बातमी आहे. तिने फोन ठेवला. आनंदाची बातमी ऐकून फोन ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

१८ मार्च, मंगळवार

काल माझ्या वीस नळ्या कोऱ्या आल्या. चहाच्या वेळी गोगलगायीला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं. एका रुग्णाची पॉझिटिव्ह नळी तेवढी उघडून जेलवर बघितली आणि फ्रीझर बघून निघाले.

आज वीसमधल्या दोन पॉझिटिव्ह लागल्या. सदतिसाव्या आणि अडतिसाव्या फेरीला. नळाचंही नव्हे, शुद्ध केलेलं, बाटलीबंद पाणी, आणि त्याला हिपॅटायटिस सी. मला खात्री वाटेना म्हणून दोन्ही उघडून जेलवर चालवलं. पट्टी उमटली, धाकट्याच्या नळीत होती तशीच, त्याच जागी.

थेंब मोजून टाकायचं पिपेट खराब असणार. नवं काढून ठेवलं. फ्रीझर बघून निघाले.

१९ मार्च, बुधवार

नव्या पिपेटने वीसमधल्या चार.

२० मार्च, गुरुवार

डॉक्टरबाईंनी दोघांनाही बसवलं. म्हणाल्या, सकाळी आल्यापासून घरी जाईपर्यंत काय काय करता ते सांगा, काही गाळू नका. मी सांगितलं. खरं म्हणजे अभिमानानेच सांगितलं. कोट कधी बदलते, हातमोजे कधी बदलते, काठावरचा नमुना नुसता सोडून न देता कशी उघडून बघते. "आणि मग?" गोगलगायीने विचारलं. मग आवरते, कोट काढते, निघते. "आणि मग?" मग काही नाही, फ्रीझरचं दार ओढून बघते आणि घरी जाते.

 मी थांबले, कारण वाक्य तोंडातून बाहेर पडल्यावर ते माझ्याही कानावर आलं होतं.

पहिल्या खोलीतली मूठ. नळी उघडलेला दिवस. मी दुसऱ्यांना शिकवते तो नियम.

कापसाच्या बोळ्याने मूठ पुसून तो बोळा मशीनला लावला. आजवर एकाही रुग्णाच्या रक्तात दिसल्या नाहीत इतक्या विषाणूच्या नकला त्या मुठीवर निघाल्या. सकाळी ती मूठ धरून मी रसायनं काढत होते आणि त्याच हाताने नळ्या भरत होते. त्यांच्या आठवड्यात गोगलगाय रोज पहिल्यांदा ती मूठ पुसत होते. मी एवढे दिवस त्या फडक्याला हसत होते. त्यांचा तो एक पॉझिटिव्ह खरा होता, त्याची अँटिबॉडीही पॉझिटिव्ह आहे.

त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "नळ्या उघडायचं डिसेंबरमध्ये सुरू केलंत ना?" हो, ताईचा हात दुसऱ्यांदा बंद पडला तेव्हापासून. तेव्हापासून मला कशाचीच एकदा बघून खात्री वाटत नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही, इथे लिहिते आहे.

माझ्या हातून खोटा रोग लागलेली दहा माणसं. एका आजोबांनी दोन महिने नातवाला उचलून घेतलं नव्हतं. सगळ्यांना मीच फोन करणार आहे असं बाईंना सांगितलं. सहा झाले. दोघांनी शिव्या दिल्या, आजोबा रडले. शिव्या बऱ्या वाटल्या.

२२ मार्च, शनिवार

एवढं सगळं होऊन माझ्या मनातला एक कोपरा नाचतो आहे, कारण धाकटा निरोगी असणार आणि ताईला किडनी मिळणार. किडनीचे डॉक्टर म्हणाले, नवा रिपोर्ट स्वच्छ आला तर नऊ तारीख अजून गेलेली नाही.

धाकट्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "आणि तुम्ही परत चुकला असाल तर?" आज आईनेच त्याला धरून आणलं.  रक्त देऊन झाल्यावर त्याने व्हरांड्यात मला बाजूला घेऊन विचारलं, एकाच माणसाचे दोन रिपोर्ट वेगवेगळे आले तर डॉक्टर कोणता धरतात? मी त्याला फेऱ्या, पट्टी, अँटिबॉडी सगळं समजावून सांगितलं. चांगली वीस मिनिटं. तो भिंतीकडे बघत होता. ऐकून घेतो हे त्याचं चांगलं आहे.

२५ मार्च, मंगळवार

पहिल्या दोन्ही खोल्या दोन दिवस ब्लीचने धुतल्या. गोगलगायीनेच नमुना लावला, मी दाराबाहेर स्टुलावर बसून राहिले. त्याबरोबर पाण्याच्या वीस नळ्या. नळ्या कोऱ्या, धाकटा कोरा. त्यांनी आपणहून दुसऱ्यांदा लावून बघितलं. कोरा.

घरी न जाता थेट धाकट्याकडे गेले. भावजयीने दार उघडलं आणि माझं तोंड बघून आत निघून गेली. मी सांगितलं, तुला काहीही झालेलं नाही. तो पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, "आक्का, तो पहिलाच रिपोर्ट राहू दे ना."

मला कळेचना. म्हटलं, अरे, तो खोटा आहे. म्हणाला, माहीत आहे. "मला जमणार नाही गं. पहिल्या दिवसापासून जमणार नव्हतं. आईने सगळ्यांना फोन करून टाकले, मला कोणी विचारलंच नाही. रोज सकाळी पोटावर हात ठेवून उठतो मी. तुझा रिपोर्ट आला तेव्हा पहिल्यांदा झोपलो." आतून भावजयीच्या हुंदक्याचा आवाज आला.

मी त्याला खूप बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. 

२६ मार्च, बुधवार

दिवसभर त्याच्यावर धुमसत होते. दुपारी हात धुताना एकदम आठवलं. माझा रक्तगट जुळत नाही असा कागद हातात आला होता तो दिवस. ताईसमोर रडले होते. ते रडणं खोटं नव्हतं. पण नंतर बसमध्ये खिडकीशी बसल्यावर खूप हलकं वाटलं होतं, इतकं की मी एक स्टॉप पुढे गेले. हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

खोटा रिपोर्ट ठेवता येणार नव्हता, आणि मी ठेवलाही नसता. निगेटिव्ह म्हणून सही करून पाठवला. मग किडनीच्या डॉक्टरांकडे गेले आणि एवढंच म्हटलं, माझ्या भावाला एकट्याला खोलीत बसवून विचारा. आई नको, मी नको, कोणी नको. ते म्हणाले, ते आम्ही विचारतोच, उद्या तेच करणार होतो.

परत येताना ताईचा हात माझ्यासमोर दिसत होता.

२७ मार्च, गुरुवार

धाकटा वीस मिनिटं आत होता. मग डॉक्टर बाहेर येऊन आईला म्हणाले, आम्हाला हा दाता घेता येणार नाही, कारण काय ते आम्ही सांगत नसतो, मृत दात्याच्या किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत ताईंचं नाव वर घ्यायचा प्रयत्न करू. आई वळली ती माझ्याकडेच. "परत तेच निघालं ना? रोग आहेच ना त्याला?"

धाकटा दाराशी उभा होता. माझ्याकडे बघत होता.

मी म्हटलं, "आई, तो देऊ शकत नाही." हे खरं होतं. बाकी काही बोलले नाही. आई खुर्चीवर बसून राहिली आणि मामाने मला लॅबवरून, मशीनवरून, माझ्या शिक्षणावरून जेवढं बोलायचं तेवढं बोलून घेतलं. मी ऐकून घेतलं.

२८ मार्च, शुक्रवार

ताईकडे गेले. आज दुसऱ्या टोचणीला रक्त लागलं. मशीन सुरू झालं, नर्स पुढच्या खुर्चीकडे गेली आणि ताई म्हणाली, "घाबरला ना तो?"

मी काहीतरी जुळवायला लागले, डॉक्टरांचे नियम वगैरे. तिने मोकळा हात माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, त्याच्या जागी मीही घाबरले असते, त्याला सांग की रविवारी येत जा, तोंड लपवू नकोस.  गालावरून पाणी येत होतं ते तिने पुसलं नाही, मी पुसलं.

"मला एकच सांग. बाकी कोणाला नको, मला सांग. त्याला खरंच तो रोग नाही ना?"

मी म्हटलं, "नाही. ठणठणीत आहे."

"नक्की?"

"नक्की."

"मग झालं," ताई म्हणाली आणि तिने डोळे मिटले. मशीनवर अजून तीन तास चाळीस मिनिटं होती. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.